माहेरचं मीटर

जुनी गाडी बघायला गेलं की लोक आधी बॉनेट उघडायला सांगतात. आमचे भास्करआबा गाडीवाल्याच्या बायकोला बाहेर बोलवायला सांगतात.

"वहिनी घरात हायेत का? दोन मिन्टं बोलवा की," असं म्हणून आबा पायरीवर बसकण मारतात. नवरा गोंधळतो. मी घाबरतो. बाई हात पुसत बाहेर येते. आबा उठून नमस्कार करतात आणि विचारतात, "ताई, माहेर कुठलं म्हणायचं तुमचं?"

गाडीचं मॉडेल, टायर, विमा, कागद, सगळं त्यानंतर.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला कुणाची तरी सोयरीक जमवायची असेल. पण आबांचं त्यामागं गणित आहे. जुनी गाडी किती पळाली हे तिच्या मीटरवर दिसतं, आणि आबांचा मीटरवर काडीचा विश्वास नाही. "मीटर मागं फिरवता येतं, हिंगोली. माहेर मागं फिरवता येत नाय," असं ते मला सांगतात. मी हिंगोली जिल्ह्यातला, म्हणून माझं नाव हिंगोली. "माणूस गाडी कशाला घेतो? कामावर जायला दुचाकी हे. गाडी घेतो सासुरवाडीला मिरवायला. मंग माहेर किती लांब, वर्षाच्या फेऱ्या किती, गाडी किती वर्षांची. गुणाकार कर."

गुणाकार आबा डाव्या तळहातावर पेनानं करतात. उत्तर आलं की तो हात चौकातल्या पोलिसासारखा गाडीवाल्यासमोर धरतात. मी नाशकात बरीच माणसं बघितली, पण एका तळहातानं इतक्यांचा घसा कोरडा करणारा माणूस दुसरा नाही.

आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मूळ सिन्नरकडचे, पण सगळी उमर नाशकातल्या सिडकोत गेली. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी आठवीतून शाळा सोडली आणि अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो. नाशकात आलो तेव्हा मला इथं कुणी ओळखत नव्हतं. माझा पहिला फॉर्म आबांनी भरला. माझ्या मुलीचं शाळेत नाव घालायला मी बाहेर घाम पुसत उभा होतो आणि आत जाऊन बाईंशी आबा बोलले. धाकट्याला ताप चढला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी तेच बसून होते. त्यामुळं आबांचं चुकतंय असं मला कधी वाटलं, तरी ते माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही.

आणि या गाडीच्या बाबतीत मला ते रोज वाटत होतं.

गाडी मला चैनीला नको होती. माझी बायको रेणुका हिचं माहेर सेनगावच्या पुढं. नाशकापासून सव्वाचारशे किलोमीटर. रेणुकाला एसटी लागते. लागते म्हणजे साधी नाही. मागच्या खेपेला पोचल्यावर तिला दोन बाटल्या सलाईन लावावं लागलं. त्यानंतर तीन वर्षं ती गेलीच नाही. मधल्या काळात साखरेच्या दुखण्यानं तिच्या वडलांचा एक पाय काढला. त्यांना इकडं येता येईना, हिला तिकडं जाता येईना. दर दिवाळीला फोनवर ते विचारत, "यंदा तरी?" आणि ही माझ्याकडं बघायची.

मग एकदा कारखान्यातल्या मित्राच्या छोट्या गाडीतून आम्ही त्र्यंबकला गेलो. रेणुका पुढं, काच खाली करून बसली. जाताना-येताना एकदाही पिशवी लागली नाही. उलट गाणं म्हणाली. त्या दिवशी मी ठरवलं, दिवाळीच्या आत गाडी घ्यायची. तशीच छोटी, मागं दार वर उघडणारी. आबा तिला 'बिनशेपटीची' म्हणतात.

चार वर्षांची शिल्लक एका गाडीत जाणार होती. कारखान्याचा टेम्पो मी चालवतो, पण इंजिनातलं मला कळत नाही. जालन्याच्या पुढं माळावर गाडी बंद पडलीय, बायको-पोरं बाभळीखाली बसलीत आणि मी बॉनेट उघडून नुसताच आत बघतोय, असं चित्र मला जेवताना, पॅकिंगच्या पट्ट्या मारतानासुद्धा दिसायचं. म्हणून आबांना बरोबर घेतलं.

पहिली गाडी सातपूरला, जुन्या गाड्यांच्या एका दुकानात. काचेवर लिहिलेलं, 'लेडीज वापर'. आबांनी चौकशी केली, "लेडीज कुठं हायेत?" दुकानदार म्हणाला, "काका, त्या गाडी देऊन गेल्या." आबा म्हणाले, "मंग माहेर कुणाला विचारू?" शेवटी काउंटरवरच्या मुलीला उभं केलं. तिचं लग्नच झालेलं नव्हतं. आबांनी तिला आशीर्वाद दिला आणि आम्ही परत आलो. मी म्हणालो, "आबा, गाडी चालवून तरी बघायची." ते म्हणाले, "बाईमाणूस नाय तिथं गाडीचं खरं कळत नाय."

दुसरी पाथर्डी फाट्याला. नवराबायको तरुण. गाडी चकचकीत, मीटरवर बत्तीस हजार. मला तर ती बघूनच भुरळ पडली. आबांनी विचारलं, माहेर? "अमरावती," बाई म्हणाल्या. जाणं-येणं? "होतं की. पप्पांना बरं नसतं ना, म्हणून दोन महिन्यांनी एक चक्कर असतेच." नवरा खोकायला लागला. आबा शांतपणे म्हणाले, "गाडीनंच?" "मग काय! ह्यांना ट्रेन आवडत नाही." नवऱ्याचा खोकला वाढला. आबांनी तळहातावर आकडे मांडले आणि हात वर धरला. नवऱ्यानं तो वाचला आणि मान खाली घातली. आबा बाईंना म्हणाले, "जात जा, पोरी. वडील हायेत तोवर जात जा." आम्ही जिना उतरेपर्यंत वर आवाज चढले होते. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" "मग काय माहेर लपवू?"

तिसऱ्या ठिकाणी नवरा आधीच सावध होता. बाईंनी पढवल्यासारखं सांगितलं, "माहेर सिन्नर. जवळच. कधीतरी जातो." मी सुटकेचा श्वास टाकला. सिन्नर म्हणजे हाकेच्या अंतरावर. आबांनी पाणी मागितलं. बाई पाणी घेऊन आल्या आणि आपुलकीनं म्हणाल्या, "गाडी चांगली शे हो, बाबा. घेई ल्या."

आबांनी तांब्या खाली ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी सिन्नरचा. सिन्नरची बाई 'शे' म्हणत नाय, ती अहिराणी. ही पार सटाण्याच्या पलीकडची. जिनं माहेर लपवलं तिनं अजून काय काय लपवलं असंल?"

असं एकेक गाडी जात होती आणि दिवाळी जवळ येत होती. एकदा मी आबांना न सांगता एकटाच एक गाडी बघायला गेलो. सगळं आबांसारखं करायचं ठरवलं. मालकाला म्हणालो, "वहिनींचं माहेर कुठलं?" मालक माझ्याकडं बघत राहिला. "माझ्या बायकोचं माहेर तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो, "गुणाकार." त्यानं फाटक लावून घेतलं. घरी येऊन मी हे कुणालाच सांगितलं नाही. आबांच्या तोंडात जो प्रश्न शोभतो, तो शोभायला पांढरे केस लागतात.

आबांच्या बाकीच्या तपासण्याही अशाच. सीटचा पट्टा मुळापर्यंत ओढून बघायचे. गोदावरीच्या पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला गाळाची रेघ राहते, म्हणायचे. गालिचाचा वास घ्यायचे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांचा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. इंजिन चालू करायला लावायचे, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. त्या वेळी कुणी बोललं की एकच वाक्य.

"गप. ऐकू दे."

हे वाक्य मी पन्नासदा ऐकलं असेल. मी "आबा, कसं आहे?" विचारलं की, मालकानं तारीफ सुरू केली की, एकदा तर शेजारच्या घरातला कुकर शिट्टी देऊ लागला तेव्हा त्यालासुद्धा. "गप. ऐकू दे."

मग दिवाळीला दोन आठवडे राहिले असताना इंदिरानगरची गाडी सापडली. मालक निवृत्त मास्तर. सगळे त्यांना सर म्हणत, आम्हीही म्हटलं. रुपेरी रंग, आठ वर्षं जुनी, मीटरवर एकवीस हजार.

"आठ वर्षांत एकवीस?" आबा माझ्या कानात म्हणाले. "फिरवलंय. चल."

माझे पाय जागचे हलेनात. म्हणालो, "आबा, एकदा विचारून तरी बघा." माझा आवाज कसातरीच आला असणार, कारण आबा थांबले. काकूंना बाहेर बोलावलं गेलं. सत्तरीच्या, ठणठणीत. आबांनी हात जोडून विचारलं, "ताई, माहेर कुठलं?"

काकूंनी हात लांब केला. "ते निळं फाटक दिसतं? त्याच्या शेजारचं. दारात जास्वंद आहे ते."

आबांनी गल्लीच्या टोकाला बघितलं. मग काकूंकडं. "ते माहेर?"

"हो. भाऊ राहतो. भाजी जास्त झाली की नेऊन देते. चप्पलसुद्धा घालत नाही."

"मंग गाडी?"

"ह्यांची हौस," काकू म्हणाल्या. "रविवारी बाजार आणि महिन्यातून एकदा सप्तशृंगी. बाकी कव्हर घालून उभी. मी म्हणते, हिच्यापेक्षा गाय पाळली असती तर दूध तरी मिळालं असतं."

आबांनी पेन काढलं आणि तळहातावर शून्य काढलं. मग तो हात माझ्यासमोर धरला. "हिंगोली, इतक्या गाड्या बघितल्या. शून्य पहिल्यांदा आलं."

त्यांनी पट्टे ओढले, वास घेतला, स्क्रू-ड्रायव्हर लावला. इंजिन ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर, जेवण मनासारखं झाल्यावर येतं तसं काहीतरी आलं. मी मनातल्या मनात रेणुकाला पुढच्या सीटवर बसवलं आणि काच खाली केली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "माझं माहेर विचारलंत. तुमच्या घरी कोण येतं माहेरपणाला?"

आबांना हे आजवर कुणी उलटं विचारलं नव्हतं. त्यांनी कप तोंडाला लावला, मग खाली घेतला.

"लेक हे एक. शोभा."

"कुठं दिलीय?"

"विंचूर."

"अगं बाई, जवळच की. किती लांब असेल? साठ?"

"साठलाबी कमीच."

"मग येत असेल वरचेवर."

आबा म्हणाले, "तिची आई गेल्यापासून मीटर बंद हे." मग कप खाली ठेवून माझ्याकडं वळले आणि एकदम वर्कशॉपच्या आवाजात म्हणाले, "गाडी ठीक हे. पण लांबची ट्रायल घ्यावी लागंल."

"किती लांब?" सरांनी विचारलं.

"पन्नास-साठ किलोमीटर. निफाडच्या अंगानं."

चार वर्षं आम्ही आबांच्या डोक्यावर राहतो. त्यांच्याकडं मुलगी आलेली मी पाहिली नव्हती, आणि कधी विचारलंही नव्हतं. मी फक्त घेत आलो होतो.

सर म्हणजे मोकळा माणूस. रविवारी सकाळी किल्ली दिली. मी माझी मोटरसायकल आणि आधार कार्ड त्यांच्याकडं ठेवलं. दुसऱ्याची गाडी, अजून आपली नाही, कुठं ओरखडा आला तर? आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती आणि ब्लाऊजपीसचं टोक.

"हे काय, आबा?"

"वजन टाकून बघावं लागतं गाडीत," ते म्हणाले.

एका नारळाचं वजन. मी दार उघडून धरलं.

चांदोरीपर्यंत आबा पुढं बसून स्क्रू-ड्रायव्हर डॅशबोर्डला लावून ऐकत होते. निफाड आलं तसा तो मांडीवर ठेवला. विंचूर दिसायला लागल्यावर म्हणाले, "हळू घे." मी आधीच चाळीसवर होतो. म्हणाले, "अजून हळू."

कांद्याच्या चाळीला लागून घर. अंगणात एक बाई कांदे निवडत बसलेली. तिनं गाडी बघितली, आबांना उतरताना बघितलं आणि हातातला कांदा टाकून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"आबा? कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं," आबा म्हणाले. "गाडीची ट्रायल हे."

"इथवर?"

"लांबची घ्यावी लागती."

आम्हाला पाणी आलं, चहा आला. जावई पाया पडून कामाला गेले. सहा-सात वर्षांची नात दारामागून आबांकडं ओळखीच्या माणसाचा फोटो बघावा तशी बघत होती. आबांनी छताचे पत्रे बघितले, पाऊसपाण्याचं विचारलं, कांद्याचं विचारलं. मग नारळ आणि ब्लाऊजपीस स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "बरं. निघतो मंग."

ते खरंच उठले. चप्पल घातली.

मी आयुष्यात मोठ्या माणसांच्या मधे बोललो नाही. शाळेत बोललो नाही, कारखान्यात बोलत नाही. पण आबा चप्पल घालून उभे होते आणि स्टुलावर तो नारळ होता. मी म्हणालो, "ताई, तुम्हाला न्यायला आलेत ते."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की गाडीचा विचार सोडून द्यावा.

शोभाताई म्हणाली, "मग तोंडानं बोला की, आबा! आई होती तवर तिचा फोन यायचा, कधी येतीस, कधी येतीस. तुम्ही फोन करता आणि विचारता, पाऊस हाय का तिकडं? मी काय पावसासाठी येऊ?"

"आई नाय," आबा म्हणाले. "घरात कुणी नाय. तू येऊन करशील काय, असं वाटलं."

"सणावारी शेजारणीला न्यायला मुराळी येतो. भाऊ येतो, चुलता येतो. मला भाऊ नाही. मी म्हटलं, आपल्याला कोण येणार न्यायला." तिनं डोळ्याला पदर लावला आणि त्याच पदराआडून माझ्याकडं बघून हसली. "आज आला म्हणायचा. मुराळी कुठला रे तू, दादा?"

"हिंगोलीचा," मी म्हणालो.

"बया! लांबून आला."

ती दोन दिवसांसाठी निघाली. निघायला तासभर लागला, कारण डबे भरायचे होते.

ती गाडी मी घेतली. दिवाळीला रेणुका तिच्या माहेरी गेली. पिशवी एकदाच लागली, तीही धाकट्याला. तिचे वडील खाटेवरून हात लांब करून गाडीचं बॉनेट थोपटत होते, बैलाची पाठ थोपटावी तसं. पण ते नंतरचं. विंचूरहून येतानाचं सांगायचं राहिलं.

येताना आबा मागं बसले, शोभाताई आणि नातीच्या मधे. निफाड सोडलं आणि मागून आवाज यायला लागला. खडखड, खडखड. खड्डा आला की जास्त, सपाट रस्त्यावर कमी. म्हणजे मागचा काहीतरी भाग सुटला. म्हणजे जालन्याच्या पुढचा माळ. म्हणजे बाभळ. रेणुकाला काय सांगू?

शोभाताई एकसारखी बोलत होती. पोरगी वर्गात कुणाला चावली, सासूचं गुडघ्याचं दुखणं, आईच्या हातचं लोणचं आपल्याला का जमत नाही. चार वर्षांचं सगळं एकदम.

माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "आबा, मागून आवाज येतोय. खडखड. लक्ष द्या ना जरा."

ती स्टीलच्या डब्यांची झाकणं होती, हे घरी येऊन मागचं दार उघडल्यावर कळलं. तेव्हा मला काय माहीत? मी आरशात बघितलं. स्क्रू-ड्रायव्हर पायाशी पडला होता. डावा हात नातीनं मांडीवर ओढून घेतला होता आणि आबांच्याच पेनानं ती त्या तळहातावर घर काढत होती. आबांनी डोळे मिटले होते. मान शोभाताईकडं कललेली.

"आबा," मी पुन्हा म्हणालो.

"गप," ते म्हणाले. "ऐकू दे."